हात शिकले, डोळ्यांचे काय? नाशिकच्या शाळांना एक खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी, नाशिक महानगरपालिका व नाशिक जिल्हा परिषद,
तसेच शहरातील व जिल्ह्यातील सर्व शाळांचे मुख्याध्यापक आणि शिक्षणसंस्थांचे पदाधिकारी यांस

विषय : चित्र-शिल्प पाहायला आणि त्यांचा इतिहास समजून घ्यायला शिकवणारी तासिका शालेय वेळापत्रकात ठेवण्याबाबत.

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

मी याच शहरात कलाशिक्षक म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त झालो आहे. नव्या शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक ठरण्याआधी एक विनंती आपल्यापुढे मांडावी आणि ती पालकांच्याही नजरेस यावी, म्हणून हे पत्र खुले लिहीत आहे. आपल्या शाळांत चित्रकला शिकवली जाते, ती कुठे चांगली तर कुठे जेमतेम शिकवली जाते. परंतु चित्र पाहायला मात्र जवळपास कुठेच शिकवले जात नाही. दहावी होऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने तोवर ढीगभर कागद रंगवलेले असतात, पण एखाद्या चांगल्या चित्रापुढे किंवा शिल्पापुढे दहा मिनिटे उभा राहा आणि काय दिसते ते सांग, असे त्याला शाळेने एकदाही म्हटलेले नसते.

एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा आपल्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे त्यांचे विषय आहेत, आणि हे सगळे विषय हाताचे आहेत. या परीक्षांनी महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांचा हात वळवला, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु दहावीच्या निकालात त्यांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून त्यांच्या तयारीला जे रूप आले, ते आपण कधी जवळून पाहिले आहे का? स्मरणचित्रासाठी मुलांकडून तीन माणसे पाठ करून घेतली जातात : एक पाठमोरे, एक बाजूने दिसणारे आणि एक वाकलेले. मग प्रश्न भाजीबाजाराचा येवो, पतंगांचा येवो की बसथांब्याचा, तीच तीन माणसे कागदावर उतरतात. एकाच्या हातात पिशवी जाते, दुसऱ्याच्या हातात मांजा येतो, एवढाच काय तो फरक. स्मरणातून चित्र काढायचे तर आधी काहीतरी निरखून पाहिलेले असायला हवे, ही त्या विषयामागची मूळ कल्पना तयारीच्या घाईत कुठल्या कुठे गेली आहे.

याहून ठळक पुरावा हवा असेल, तर कोणत्याही इयत्तेला डोंगराचे चित्र काढायला सांगावे. दोन त्रिकोण, त्यांच्या खाचेतून वर येणारा सूर्य, खाली वळणे घेत आलेली नदी आणि काठावर झोपडी हे चित्र आपल्याला मिळेल. पण नाशिकच्या कोणत्याही गच्चीवरून दिसणारा डोंगर असा नाही. सह्याद्रीचा हा भाग लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनलेला आहे, त्यामुळे आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी चढतात, मध्ये कातळाची उभी भिंत लागते आणि माथ्यावर सपाट पठार येते. अंजनेरी पाहा, ब्रह्मगिरी पाहा, रामशेज पाहा. रोज शाळेत जाता-येता ज्याच्या नजरेसमोर असा डोंगर आहे तो मुलगा न पाहिलेला त्रिकोण काढतो आणि आपण त्याला 'छान' म्हणून तारीख घालून सही करतो. यात त्याचा हात कच्चा असण्याचा प्रश्नच नाही.

कोणी म्हणेल की पाहणे ही काय शिकवण्याची गोष्ट आहे, ज्याला आवड असेल तो पाहील. हाच न्याय आपण कवितेला लावत नाही. मराठीच्या उत्तरपत्रिकेत कवितेचे रसग्रहण लिहावे लागते. आशय काय, भाषा कशी, कवीने कोणता शब्द कुठे ठेवला आणि त्याने काय साधले, हे विद्यार्थी शिकतो, आणि काही मुले तर त्यातूनच कवितेच्या प्रेमात पडतात. कविता एकदा वाचून 'आवडली' किंवा 'कळली नाही' म्हणून सोडून द्यायची नसते, हे आपण गृहीत धरतो. चित्राच्या आणि शिल्पाच्या वाट्याला मात्र ही साधी शिस्तही येत नाही. इतिहासाच्या पुस्तकात अजिंठ्याचे छायाचित्र असते, त्याखाली एक ओळ असते आणि परीक्षेत जोड्या लावायला 'अजिंठा' येते. त्या चित्रातल्या माणसांचे हात, त्यांच्या मानेचा कल किंवा अंधाऱ्या लेण्यात रंग टिकवण्यासाठी भिंतीवर चढवलेला मातीचा आणि चुन्याचा थर यांबद्दल बोलायला तासिकेत वेळ उरत नाही.

नाशिकच्या शाळांना ही उणीव भरून काढण्यासाठी कुठे दूर जावे लागत नाही, म्हणून मला या शहराबद्दल विशेष आग्रहाने लिहावेसे वाटते. शहराच्या नैर्ऋत्येस, मुंबईच्या रस्त्याला लागून त्रिरश्मी डोंगरात २४ लेणी आहेत, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो. शाळांच्या सहली तिथे जातात. मुले पायऱ्या चढतात, डबे खातात, मोठ्या लेण्यात जाऊन आवाज घुमतो का ते पाहतात, मोबाइलवर गटाचे छायाचित्र निघते आणि सगळे खाली फाळके स्मारकात येतात. सहलीचा आनंद मुलांनी घ्यावाच. पण त्याच डोंगरावर भारतीय कलेच्या इतिहासाचे एक आख्खे पुस्तक उघडे पडलेले आहे आणि ते कसे उलगडावे हे सोबतच्या शिक्षकालाही कोणी सांगितलेले नसते. म्हणून त्या पुस्तकातली दोन-तीन पाने इथे थोडी सविस्तर मांडतो.

१८ क्रमांकाचे लेणे हे इथले चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह आहे. त्याच्या दर्शनी भागासमोर मुलांना बसवावे आणि विचारावे की या दगडी कमानीत वासे का कोरले आहेत. वासे छपराचे वजन पेलायला लागतात, आणि इथे तर वर सबंध डोंगर आहे, त्याला वाशांची काय गरज? थोडा वेळ दिला तर एखादे मूल बरोबर सांगते की आधी अशी घरे लाकडाची असतील आणि कारागिराने सवयीने तीच दगडात उतरवली असतील. भारतातील सुरुवातीच्या लेण्यांचे शिल्प समजून घेण्याची किल्ली या एका उत्तरात आहे. लाकडाच्या त्या इमारती काळाच्या ओघात गेल्या, पण त्यांचे रूप दगडाने सांभाळून ठेवले. आत गेल्यावर कार्ल्याचे चैत्यगृह ज्यांनी पाहिले आहे त्यांना इथले खांब सडसडीत वाटतील आणि ते तसे का वाटतात याची चर्चा होऊ शकेल. शिवाय या लेण्यावरील ब्राह्मी लेखांतून दात्यांची नावे कळतात. दारावरच्या कोरीव कामाचा खर्च धंभिक नावाच्या गावाने उचलला होता आणि त्या लेखात नासिकच्या लोकांचा स्पष्ट उल्लेख आहे. चैत्यगृह पुरे करवून घेणारी भटपालिका ही एका राजअधिकाऱ्याची पत्नी होती. एका कोरलेल्या दारासाठी गावाने मिळून पैसे दिले, ही गोष्ट नाशिकच्या मुलांना नाशिकमध्येच कळायला हवी, असे मला वाटते.

त्यानंतर १० आणि ३ ही लेणी लागोपाठ पाहावीत. कला पाहायला शिकवण्याचा तुलनेइतका जुना आणि खात्रीचा दुसरा मार्ग मला ठाऊक नाही, आणि तुलनेसाठी इतकी जुळणारी जोडी क्वचितच एका डोंगरावर मिळते. १० क्रमांकाचे लेणे क्षहरात घराण्यातला क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता नहपान याचा जावई उषवदात आणि मुलगी दक्षमित्रा यांच्या दानांशी निगडित आहे. नहपानाचा पराभव करणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने आपला नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी ३ क्रमांकाचे लेणे दान दिले. दोन्ही विहार आहेत; दोन्हींना खांबांची ओसरी, आत चौकोनी दालन आणि भोवती भिक्षूंच्या खोल्या आहेत. मुलांना फक्त एवढेच सांगावे की दोन्हींत सारखे काय आणि वेगळे काय ते शोधा. १० मधल्या खांबांच्या तळाशी मोठ्या घागरीसारखा घट आहे. ३ मध्ये खांब कठड्यावरून वर जातात आणि त्यांना घट नाही. दोन्हीकडे खांबांच्या माथ्यावर घंटेच्या आकाराचा भाग आणि त्यावर प्राण्यांच्या जोड्या आहेत, पण १० मधली घंटा डौलदार आहे आणि ३ मधली आखूड व काहीशी बसकी झाली आहे. उलट ३ मध्ये ओसरीचा सगळा भार डोक्या-खांद्यांवर घेतलेले बलदंड पुरुष जमिनीतून वर येताना कोरले आहेत आणि दाराभोवती सांचीच्या तोरणाची आठवण करून देणारी नक्षी आहे. जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या लेण्याचा आराखडा समोर ठेवला, त्याच्यावर कडी करायचा प्रयत्न केला, काही ठिकाणी ती साधली आणि काही ठिकाणी नाही, असे माझे मत आहे. एखादा विद्यार्थी याच्या उलट बाजूने बोलला तर मला अधिक आनंद होईल, कारण वाद घालण्यासाठी त्याला पुन्हा खांबाकडे पाहावे लागेल.

आतल्या मागच्या भिंतीकडे मात्र मी मुलांचे लक्ष मुद्दाम वेधतो. ३ मध्ये तिथे स्तूप कोरलेला आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पूजा करणाऱ्या स्त्रिया आहेत. १० मध्येही त्याच जागी स्तूप होता, पण पुढे कधीतरी तो कोरून भैरवाची मूर्ती करण्यात आली; नीट पाहिले तर मूळ स्तूपाच्या खुणा मूर्तीभोवती अजून ओळखता येतात. एक आकृती दुसरीवर चढली की दोन काळ एकाच दगडात दिसतात. याच गोष्टीचा आणखी सुबक नमुना नाण्यांत आहे. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले ठसे पुन्हा मारलेले आहेत, आणि काही नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्याच्या गालावर किंवा कपाळावर सातवाहनांच्या डोंगराची कमानदार खूण उमटलेली दिसते. ग्रीक वळणाने घडवलेला तो चेहरा आणि त्यावर पडलेली ती साधी, भूमितीय खूण या दोन वेगळ्या कलापरंपरा आहेत, हे पाचवी-सहावीच्या मुलालाही भिंगातून पाहून कळते. अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासासाठी वाहिलेली संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. शाळेच्या बसला ते त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरच लागते.

इथे एक गोष्ट ओघात सांगून टाकतो. 'पांडवलेणी' हे नाव ऐकून मुले भीम कुठे झोपायचा हे विचारतात आणि काही उत्साही मार्गदर्शक तेही दाखवून देतात. लोकांनी ठेवलेल्या नावाची टिंगल करण्याची गरज नाही, पण शिक्षकाने निदान भिंतीवरचा लेख दाखवून तिथे कोणाचे नाव आहे ते सांगावे. मुलांना दोन्ही गोष्टी लक्षात ठेवता येतात.

इतिहासाशिवाय पाहणे होणार नाही का, असा प्रश्न काही कलाशिक्षक मित्रच मला विचारतात. त्यांना भीती वाटते ती सनावळ्यांची, आणि ती रास्त आहे. कलेचा इतिहास म्हणून राजघराण्यांची यादी पाठ करवून घ्यायची असेल, तर तासिका नसलेलीच बरी. पण डोळ्यांना प्रश्न पडायला आधी थोडी माहिती लागते. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर पाहताना, यादवकाळात दख्खनमध्ये भूमिज नावाची शिखराची पद्धत होती आणि तिच्यात छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक रचून मोठे शिखर उभे करत, एवढे एक वाक्य माहीत असले की मूल आपणहून त्या ओळी मोजू लागते. पंचवटीकडे येताना सुंदरनारायणाचे १७५६ सालचे मंदिर पाहिले की घुमटांत आणि कमानींत मुघल वळण कसे शिरले तेही दिसते. आपल्या कारागिरांनी जे नवे आवडले ते बिनदिक्कत घेतले, हे इमारत स्वतःच सांगते. पैठणी तर आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात विणली जाते. तिच्या नक्षीतला बांगडी-मोर कोणता, असावली कोणती आणि अमुक एक वेल पदरात न येता काठातच का बसते, हे घरातल्या आजीला विचारून यायला सांगितले, तर कलेच्या इतिहासाची गृहपाठाची वही घरबसल्या भरते.

चित्रांच्या बाबतीत आपली अडचण मोठी आहे, कारण आधुनिक चित्रकलेचा मोठा सार्वजनिक संग्रह पाहायचा तर नाशिककराला मुंबई गाठावी लागते. तरीही चांगल्या छापील प्रतींवर बरेच काम होऊ शकते. सावळाराम हळदणकर यांचे 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातले चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे : हातात दिवा घेतलेली तरुणी, दुसरा तळहात ज्योतीवर आडवा धरलेला. हे चित्र आपल्यापैकी अनेकांनी कॅलेंडरवर पाहिले आहे आणि ते राजा रविवर्म्याचे आहे असे आजही कित्येक जण बिनधास्त सांगतात. सावंतवाडीत जन्मलेल्या एका मराठी चित्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध चित्र मराठी घरांतच दुसऱ्याच्या नावावर जमा आहे. वर्गात मात्र मी नावापासून सुरुवात करणार नाही. आधी विचारीन की या चित्रात उजेड कुठून येतो आणि ज्योत तर दिसत नाही, मग ती आहे हे तुम्हाला कशावरून कळले? मग मुले बोटांच्या कडांवरचा लालसर रंग दाखवतात, हनुवटीखालचा उजळ भाग दाखवतात, मागच्या भिंतीवरची सावली दाखवतात. जलरंगात उजेड म्हणजे बहुधा न रंगवता राखून ठेवलेला कागद असतो, हे त्यानंतर सांगितले की आश्चर्य वाटते आणि चित्रकाराचे नाव आपोआप लक्षात राहते.

अमूर्त चित्रांची गोष्ट निराळी. 'यात काय आहे?' आणि 'हे तर आमचा बाळ्याही काढेल' ही दोन वाक्ये मी सुशिक्षित माणसांकडून इतक्या वेळा ऐकली आहेत की त्यांचा राग येणेही आता बंद झाले आहे. वासुदेव गायतोंडे नागपूरला जन्मले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, तरी त्यांच्या चित्राची प्रत शिक्षकांच्या खोलीत दाखवली तर पहिला प्रश्न हाच येतो. पैठणीच्या काठापुढे उभी असलेली बाई दुकानदाराला या काठात काय आहे, त्याचा अर्थ काय, असे विचारत नाही. ती रंगाशेजारचा रंग पाहते, जरीची चमक पाहते, कापड उजेडात तिरके धरते आणि ठरवते. तीच नजर गायतोंड्यांच्या चित्राकडे वळवायला हरकत नसावी. रोलरने आणि सुरीने रंगाचे थर चढवत आणि काढत त्यांनी पृष्ठभाग कसा सिद्ध केला हे सांगितले, तर 'बाळ्याही काढेल' म्हणणारा माणूस निदान पुढच्या चित्राकडे दोन पावले जवळ जाऊन पाहतो. न आवडण्याचा हक्क त्याला आहेच, पण तो पाहून झाल्यावर बजावलेला बरा.

नाशिकचा आणि या विषयाचा आणखी एक जुना धागा आहे. लेण्यांच्या पायथ्याशी ज्यांचे स्मारक आहे ते दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. ते १८८५ साली जे. जे. मध्ये दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले, त्यांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार म्हणून काम केले आणि रविवर्म्याच्या छापखान्याशीही त्यांचा संबंध आला. १९१३ साली त्यांनी जो चित्रपट पडद्यावर आणला, त्याच्यामागे चित्र, शिल्प, छायाचित्र आणि छपाई यांत मुरलेली नजर होती. स्मारकात जाणाऱ्या सहलीला 'भारतीय चित्रपटाचे जनक' एवढेच सांगितले जाते. ते आधी काय काय पाहायला शिकले होते, हे कोणी सांगत नाही.

आता आपल्या अडचणींकडे वळतो. पहिली अडचण वेळेची सांगितली जाईल. मी ज्या शाळांतून काम केले त्यांपैकी एका शाळेत दिवाळीनंतर चित्रकलेची तासिका गणिताच्या शिक्षकांना 'तात्पुरती' दिली जाई आणि ती थेट पुढच्या जूनमध्ये परत मिळे. त्या मुख्याध्यापकांचा मला व्यक्तिशः राग नाही. निकालाचा दबाव त्यांच्यावर होता. पण ही पद्धत शहरात सर्रास आहे, आणि आपल्या कार्यालयाने ठरवले तर एका परिपत्रकाने ती थांबू शकते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षण दहावीपर्यंत सक्तीचे असावे असे सुचवले होते, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीचे वर्ग असलेल्या व पटसंख्या १०० च्या वर असलेल्या शाळेत कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक असावा अशी तरतूद आहे. आपल्या किती शाळांत असा निदेशक प्रत्यक्ष कामावर आहे, त्याची शाळानिहाय यादी आपण जाहीर करावी, अशी माझी या पत्राद्वारे स्पष्ट मागणी आहे.

शिक्षकांना हे येत नाही, ही दुसरी अडचण खरी आहे आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कलाशिक्षक पदविकेत कलेचा इतिहास शिकलेला असतो, पण तो वहीत उतरवून आणि नावे पाठ करून. म्हणून सुरुवात मुलांपासून न करता शिक्षकांपासून करावी. प्रशिक्षण सभागृहात पडद्यासमोर न घेता सकाळी लेण्यांवर घ्यावे. त्रिरश्मीची लेणी उत्तरेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे ऊन अंगावर येत नाही आणि पहाटेनंतरचा मऊ उजेड कोरीव कामावर तिरका पडतो. मराठीच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांनाही सोबत न्यावे. रसग्रहण शिकवणारा मराठीचा शिक्षक हे काम कित्येकदा कलाशिक्षकाहून सहज करतो, हा माझा अनुभव आहे.

तासिकेचे स्वरूप साधे असावे, असे मी सुचवतो. पंधरवड्यातून एकदा, सहावी ते नववीसाठी, एका तासात एकच कलाकृती घ्यावी. पहिली दहा मिनिटे कोणी काही सांगायचे नाही, फक्त पाहायचे आणि दिसते ते वहीत लिहायचे. मग कशापासून केले, कसे केले, कोणासाठी केले आणि तेव्हापासून यात काय बदलले, या क्रमाने बोलायचे, आणि चित्रकाराचे नाव व काळ शेवटी सांगायचा. यासाठी मोठ्या आकाराच्या निवडक प्रती शाळासमूहांनी मिळून घ्याव्यात, म्हणजे त्या फिरत्या ठेवता येतील. मोबाइलच्या पडद्यावर चित्र दाखवू नये, कारण तिथे बोट सरकवायची सवय डोळ्यांच्या आड येते. या तासिकेला गुण ठेवू नयेत, हे मी हात जोडून सांगतो. गुण आले की मार्गदर्शके येतील, आणि मग पाठ केलेल्या तीन माणसांप्रमाणे पाठ केलेली तीन रसग्रहणे येतील.

शहराच्या कारभाराशीही याचा संबंध आहे, म्हणून पत्र थोडे लांबते. सिंहस्थाच्या निमित्ताने भिंती रंगतील, चौक सजतील, पुलांच्या खांबांवर चित्रे येतील. ती चांगली आहेत की भडक, प्रमाणात आहेत की नाहीत, गोदाघाटाच्या काळ्या दगडाशेजारी ती कशी दिसतील, यावर मत देणारा नागरिक शाळेतच घडायचा असतो. जुन्या दगडी मंदिरावर ऑइल पेंटचा हात फिरतो तेव्हा तो रंग भक्तीने आणि वर्गणी काढून लावलेला असतो. दगडाची छिन्नीची रेघ त्या रंगाखाली बुजते हे कोणाला दिसतच नाही, तर तक्रार करणार कोण? लेण्यांच्या भिंतीवर खिळ्याने नाव कोरणारा मुलगाही बहुधा त्याच शाळेच्या सहलीला आलेला असतो.

खर्चाचा प्रश्न मी शेवटी घेतला, कारण तो सर्वांत छोटा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. बसचा खर्च सहलीसाठी आपण करतोच. प्रतींचा खर्च एका स्नेहसंमेलनाच्या रंगमंच-सजावटीहून अधिक होणार नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या मोजक्याच शाळा घ्याव्यात, त्यांत किमान एक सुरगाणा किंवा पेठसारख्या आदिवासी तालुक्यातली असावी. तिथली मुले आपल्या घराच्या भिंतीवर काढलेल्या चित्रांबद्दल जे सांगतील, ते शहरातल्या शिक्षकांनीही ऐकायला जावे.

मी आणि माझ्यासारखे काही निवृत्त कलाशिक्षक शिक्षक-प्रशिक्षणासाठी लेण्यांवर आणि शाळांत येण्यास तयार आहोत. मानधनाची अपेक्षा नाही, फक्त तासिका नेमकी कोणत्या वारी आणि कोणत्या वेळी आहे हे लेखी कळावे, आणि परीक्षेच्या काळातही ती बदलली जाणार नाही याची हमी मिळावी. वेळापत्रके मे महिन्यात ठरतात. त्यापूर्वी आपण मुख्याध्यापकांची एक बैठक बोलवावी, त्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि शक्य झाल्यास ती बैठक ३ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत घ्यावी. तिथे बसायला दगडी बाक आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षक,
नाशिक